लाल रेघेखालची टाचणी

मास्तर, स्प्रिंग अजून जागेवर आलेली नाही. आज सकाळी पुन्हा टांगून मोजली. तुम्ही शिकवलंत तसा डोळा टाचणीच्या बरोब्बर समोर आणला, वरून पाहिलं नाही, खालून पाहिलं नाही. साडेबारा. काल साडेबारा, परवा साडेबारा. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. आठवडाभर ती माझ्या घरी खुंटीला आहे, काही एक ओझं नाही तिच्यावर, निवांत आहे बया, तरी साडेबाराच. म्हणजे आपल्या भांडणात तुम्हीच खरे ठरलात. पण हरले म्हणून सांगायला आता जाऊ कुठे?

मुलांनी तुमच्या आठवणींचं हस्तलिखित काढायचं ठरवलंय. माझ्याकडे आली नि म्हणाली, "मावशी, तुम्ही पण चार ओळी द्या." मी म्हटलं, चार ओळींत माझं काय होतंय, मला साधा निरोप सांगायला अर्धा तास लागतो. हसली आणि कोरे कागद ठेवून गेली. मास्तर चांगले होते, हे कुळगावातल्या कावळ्याचिमण्यांनाही ठाऊक आहे, ते बाकीचे लिहितील. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तीन वर्षांपूर्वी तोंडाने बोलायची होती.

तुम्ही बेलवलीला खोली घेऊन आमच्या शाळेत रुजू झालात, तेव्हा मी तिथे झाडलोट करून, घंटा देऊन, पाणी भरून जुनी झाले होते. मला अक्षर कोणी शिकवलं नव्हतं. शाळा सुटली की फळे पुसायचे, आणि पुसण्याआधी मी ते बघायचे. आधी नुसतं बघायचे, मग जुळवायचे, मग केव्हातरी वाचायला लागले. कोणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात पकडलंत. फळा अर्धा पुसलेला, आणि मी तोंडातल्या तोंडात 'स्थि-ति-स्था-प-क-ता' म्हणतेय.

"कळलं का, मावशी?"

"अक्षरं कळली. आतला माल नाही कळला."

"मग बसा."

मास्तर, त्या शाळेत मला 'हे उचला', 'ते झाडा' सगळ्यांनी म्हटलं होतं. 'बसा' पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. मी बाकाच्या कडेला टेकले, पूर्ण बसायचा धीर झाला नाही. तुम्ही विचारलंत, बारीक सुंभाने घागर ओढली तर हात कापतो, जाड दोराने ओढली तर नाही, घागर तीच, पाणी तेच, मग फरक कशात? मी म्हटलं, जाडीत. "झालं तर! ओझं किती एवढंच विचारायचं नाही, ते केवढ्या जाडीवर वाटलं गेलं हे विचारायचं. तो ताण." मग म्हणालात, दोर बोटभर वाढला असं नुसतं सांगू नका, मूळचा केवढा होता ते सांगा. वीतभर दोर बोटभर वाढला तर मोठी गोष्ट; विहिरीचा अख्खा दोर बोटभर वाढला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

मी म्हटलं, "हे सुनांचंच झालं की. सासू म्हणते, एवढंसं तर काम वाढवलं. मूळची पोर केवढी होती ते कोण बघतंय?"

तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसलात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हे माझ्या नावाने सांगितलंत. मी दाराआड उभी होते. पदर तोंडात धरला होता मी.

स्प्रिंग आणायला आपण दोघं उल्हासनगरला गेलो ते आठवतं? शाळेच्या कपाटात तोळ्यामाशांची पितळी वजनं आणि एक फुटका चंबू, याखेरीज काही नव्हतं. कॅम्पातल्या लष्करी बराकींत आता सिंधी कुटुंबं राहत होती, आणि लष्कराचं उरलंसुरलं लोखंड रस्त्याकडेला ढीग लावून विकायला बसलेलं असायचं. त्या भंगारवाल्याने ढिगातून ती काढून तुमच्या तोंडासमोर नाचवली.

"ले जाओ साईं, मिलटरी का माल है. भैंस लटकाओ, टूटेगा नहीं."

"तुटायचं नाही हो. ओझं काढलं की परत आलं पाहिजे."

"परत? देखो मास्टर, बिका हुआ माल परत नहीं!"

अंबरनाथ येईपर्यंत तुम्ही चालता चालता मध्येच थांबत होतात आणि पुन्हा हसत होतात. हातात ती स्प्रिंग, कागदात गुंडाळलेली, लाडू धरावा तशी.

मग फळी आली. फळीवर सेंटीमीटरची पट्टी, स्प्रिंगच्या खालच्या हुकाला टाचणी, त्याखाली पारडं. रिकामं पारडं असताना टाचणी दहावर. एक पावशेर टाकला की अकरा. आणखी पावशेर, बारा. मुलींतल्या हुशार शकूने दोन शेरांपर्यंत टाचणी अठरावर आणली, मग एकेक वजन काढून दहावर परत नेली, आणि सगळे आकडे वहीत मांडले. तुम्ही तिथे, अठरावर, शेंदराने रेघ ओढलीत. म्हणालात, "ही हद्द. याच्या खाली टाचणी जाता कामा नये. गेली तर स्प्रिंग परत येणार नाही, आणि मला कळल्याशिवाय राहणार नाही." वर्ग हसला. मीही हसले.

सहामाहीनंतर साहेब तपासणीला येणार होते. त्यांना प्रयोग पटले तर वरच्या वर्गाला विज्ञान घ्यायची परवानगी शाळेला मिळणार होती. हेंद्रेपाड्याच्या शकूचे वडील म्हणालेच होते, इथे विज्ञान मिळालं तर शिकू दे, कल्याणला मी पोरीला धाडणार नाही. तुम्ही दिवस मोजत होतात. दिवाळीची सुट्टी लागली तसे वाईला घरी गेलात, आणि जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडे दिलीत.

आता लिहिते.

दिवाळीच्या आधी माझी लेक बाळंतपणाला आली होती आणि सातव्यातच मोकळी झाली. पोर कापसात ठेवलेली. रडायची तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. मी गावदेवीला बोलले होते, चाळिसावा दिवस दाखवलास तर त्याच दिवशी पोरीची गुळाने तुला करीन, तिच्या भाराइतका गूळ वाटीन. दिवस धरून बोलले होते, मास्तर, हीच चूक. चाळिसावा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाला आला. वाण्याकडे तराजू मागायला गेले तर त्याने तो धुऊन पुसून पूजेच्या पाटावर ठेवलेला.

"आजी, पाडव्याचा मुहूर्त होईतो तो देव आहे. काटा नाही."

"माझाही देवच मागतोय रे, आणि आजच मागतोय."

"मग देवादेवांचं तुम्ही बघून घ्या."

किल्ली माझ्या कमरेला होती. आणि डोक्यात तुम्हीच भरवलेलं होतं: दोन ओझी टाचणीला एकाच जागी आणत असतील तर ती सारखी. म्हणजे पोर टांगायची, जिथे टाचणी येईल तिथे खूण करायची, पोर काढून तिथवर गूळ टांगायचा. तुला झाली! मला स्वतःचंच एवढं कौतुक वाटलं! शिकलेली बाई होते मी आता.

लेक म्हणाली, "आई, शाळेची वस्तू आहे."

"अगं, दोन शेरांपर्यंत चालते. तुझी ही मुठीएवढी पोर दोन शेर तरी भरेल का?"

घरातल्या खांबाला फळी बांधली, पोरीला धुवट लुगड्याच्या झोळीत घातलं आणि झोळी हुकाला लावली. टाचणी सुटली ती खाली निघाली. पंधरा, सोळा. लाल रेघ ओलांडली ती मी पाहिली. खोटं कशाला लिहू, डोळ्यांनी पाहिली. टाचणी फळीखाली उतरून खांबावर गेली, तिथे कोळशाने रेघ ओढली, आणि मला हुंदका आला. पोर भरली होती! जी जगते की नाही म्हणून आम्ही चाळीस दिवस नाकाशी बोट धरत होतो, ती दोन शेरांच्याही खाली चालली होती. जितकी टाचणी खाली, तितकं मला हायसं वाटत होतं. मी शेजारणीला हाका मारल्या, या गं, बघा गं, माझी यमी केवढी झाली. त्या आल्या, त्यांनी पाहिलं, पोरीने हातपाय झाडले, सगळ्या हसल्या. तेवढा सगळा वेळ ती टांगलेलीच. मग पोर उतरवली, आणि त्याच झोळीत गुळाचे खडे बांधून टाचणी रेघेवर आणली.

गूळ सोडला तेव्हा पाहिलं. वेटोळी एकमेकांपासून सुटली होती, दात विचकल्यासारखी. मनाशी म्हटलं, दमली असेल. पडून राहिली की येईल जागेवर. पदराने पुसली आणि कपाटात ठेवून दिली. आता तुमच्यासारखा विचार करायला लागले तर आणखी एक कळतं, रेघ ओढल्यावर पोरीने लाथा झाडल्या तेव्हाच स्प्रिंग ढिली झाली होती, म्हणजे त्याच रेघेला गूळ कमीच लागला असणार. तिकडे देवीलाही कमी घातलं मी.

शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही कपाट उघडलंत आणि मला हाक मारलीत. "मावशी, कपाटात मुंग्या कशा?"

"दिवाळी नाही का? त्यांना नको फराळ?"

तुम्ही हसून ओल्या फडक्याने हूक पुसलात. तेव्हा सांगायचं होतं. मी केरसुणी उचलून बाहेर गेले. आणि दुसऱ्याच दिवशी साहेब आले.

त्या दिवशी मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. शकूने फळी टांगली, पारडं लावलं, वाकली, डोळा टाचणीसमोर आणला. मग पुन्हा वाकून पाहिलं.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तर मागून दबक्या आवाजात म्हणाले, "शकू, दहा. दहा म्हण."

"पण साडेबारा दिसतंय," शकू म्हणाली, आणि तुमच्याकडे पाहायला लागली.

तुम्ही म्हणालात, "जे दिसतं तेच लिही."

मास्तर, एक 'दहा' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? यावरूनही मी तुमच्याशी नंतर भांडले होते. तुम्ही म्हणालात, मग प्रयोग कशाला करायचा, मावशी, आरतीच म्हणू या. मला भांडायचा हक्क तरी कुठे होता?

साहेबांनी वही हातात घेतली. "इथे दहा लिहिलंय. हे दहा कुणी पाहिलं?"

"सुट्टीआधी दहाच होतं. मधल्या काळात हिच्यावर हद्दीबाहेरचं ओझं पडलेलं आहे. पण वाढ बघा साहेब, अजून दर पावशेराला एकेकच भरते."

"वाढ पाठही करता येते. वहीतलं आणि समोरचं जुळत नाही, म्हणजे वह्या घरी बसून लिहिलेल्या. ओझं पडलं म्हणता, कोणी टाकलं?"

तुम्ही एकेका बाकावरून नजर फिरवलीत, पहिल्या, दुसऱ्या, शेवटच्या, मग दाराकडे. ती नजर दारापाशी थांबली की माझ्यापाशी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. एक शब्द पुरला असता. पण किल्ली माझ्याकडे होती, नोकरी गेली असती, लेक आणि ते कापसातून निघालेलं पोर माझ्यावर होतं. हे कारण म्हणून लिहीत नाही, जे दिसतं ते लिहिते.

"माझ्याच हातून पडलं असेल," तुम्ही म्हणालात.

परवानगी मिळाली नाही. कागदावर आलं की नोंदी संशयास्पद. तुम्हाला खालच्या वर्गांना भूगोल दिला. शकूचं पुढच्या वैशाखात लग्न झालं, परवा बाजारात भेटली, कडेवर मूल. "मावशी, मास्तर गेले ना?" एवढंच म्हणाली आणि भाजीवालीशी वांग्यांवरून भांडायला लागली. आणि तुमचं नाव पडलं, 'वह्या बनवणारे मास्तर'. तुम्ही गेल्यावरही शिक्षकांच्या खोलीत एकजण बोललाच, माणूस भला होता हो, पण त्या वह्यांचं तेवढं... मी तिथेच केर काढत होते. केर काढून निघून आले.

तुम्ही मात्र ती स्प्रिंग टाकली नाहीत. मी दर थोड्या दिवसांनी विचारायचे, आली का जागेवर? तिला विश्रांती द्या, पडू द्या. तुम्ही म्हणायचात, "मावशी, हद्दीच्या आत असेल तर हात काढल्याबरोबर येते, वाट बघावी लागत नाही. पलीकडे गेली की वाट बघून येत नाही."

"माणसं येतात की! माझी लेक नाही उठली बाळंतपणातून?"

"उठल्या. पण मूळच्या लांबीला आल्या का?"

लेक पाठीला हात लावल्याशिवाय उठत नव्हती तेव्हाही.

यमी चालायला लागल्यावर शाळेच्या आवारात यायची, तुमच्या खिशातल्या पेपरमिंटासाठी तुमच्या धोतराला लोंबकळायची. तुम्ही एकदा तिला उचललंत आणि म्हणालात, "मावशी, वजनदार आहे हो तुमची नात." मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे नुसतं हसू होतं. म्हणजे तेव्हा मला नुसतंच वाटलं.

मग तुमचा खोकला. मी बेलवलीला पेज घेऊन यायला लागले, आणि रोज वाटेत ठरवायचे, आज सांगायचं. त्या शेवटच्या दिवशी तर देवीसमोर सांगून निघाले होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, गालांची हाडं वर आलेली, आणि बोलत काय होतात, तर बरा झालो की पुन्हा अर्ज करू, त्याच साईंकडून नवी स्प्रिंग आणू, या वेळी त्याला आधीच विचारू, परत घेणार का म्हणून. हसताना ढास लागली. मी तुमची पाठ चोळली. तोंड उघडलं. आणि म्हटलं, "पेज गार होतेय, मास्तर."

तेच आपलं शेवटचं. दुसऱ्या दिवशी आले तर घरमालक ओसरीत उभे.

तुमचे भाऊ आले, कपडे आणि भांडी घेऊन गेले. तळाशी उरलेलं मला दिलं, "हे भंगार तुमच्या शाळेचं असेल, बाई." फळी, पट्टी, स्प्रिंग, आणि तुमची प्रयोगवही. वही वाचायला मला दोन दिवस लागले, तुमचं बारीक अक्षर फळ्यावरच्यासारखं नाही. तपासणीच्या तारखेचं पान सापडलं. तुम्ही त्याच दिवशी, साहेब गेल्यावर, लिहिलेलं:

'रिकामं पारडं साडेबारा. सुट्टीआधी दहा. हुकाला आदल्या दिवशी मुंग्या होत्या. हूक चिकट, गुळाचा वास. किल्ली मावशींकडे. मावशींची नात सुट्टीत चाळीस दिवसांची झाली.'

खाली 'कारण' असं लिहून त्यापुढे रेघ. रेघेवर काही नाही.

तीन वर्षं, मास्तर! तीन वर्षं तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्या हातची पेज खात होतात, यमीला पेपरमिंट देत होतात. जे दिसतं ते लिहिलंत आणि जे कळलं ते लिहिलं नाहीत. मला वाचवलंत म्हणून पाया पडू, की मला या रेघेसमोर एकटी सोडून गेलात म्हणून रागावू? मी सांगेन म्हणून वाट बघत होतात का? तुम्हीच म्हणायचात ना, वाट बघून येत नाही म्हणून!

हे हस्तलिखितात घ्या, मुलांनो, एक अक्षर गाळू नका. तुमच्या मास्तरांच्या वह्या खऱ्या होत्या. शाळेला मला काढायचं तर काढू दे. त्याने काही होणार नाही, हेही मला कळतं. साहेबांची कधीच बदली झाली, शकूची शिकायची वर्षं गेली ती गेली, आणि ज्याचं नाव धुवायचं तो माणूस ऐकायला नाही.

आज मोजून झाल्यावर वही उघडली. तुम्ही वर्गाला सांगायचात, पेन्सिलीने लिहू नका, शाईने लिहा, खोडायचा मोह होत नाही. शाईने लिहिलं. 'कारण: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नातीची तुला केली. टाचणी लाल रेघेखाली गेलेली पाहिली. मावशी.' अक्षर वाकडं आलंय, रेघेच्या बाहेर गेलंय.

त्याखाली पानाच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या सहीची जागा आहे. तिथे माझ्याकडे लिहायला काही नाही.